शेवटी जाणाऱ्याने बटण बंद करावे

इमारतीच्या सभेत ज्याला काही येत नाही त्याने गप्प बसावं, आणि ज्याला थोडंसं येतं त्याने तर तोंडाला कुलूप लावूनच जावं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. यांपैकी कोणत्या गटात मी मोडतो याबद्दल आमच्या घरात मतभेद आहेत. मतभेद म्हणजे हिचं एक मत आहे आणि माझं कुणी विचारलेलं नाही.

विषय निघाला होता तळमजल्यावरच्या वाचनालयाचा. वाचनालय म्हणजे एक खोली. तीन भिंतींना पुस्तकांची कपाटं, मधे लांबलचक टेबल, चौथ्या भिंतीला दार, आणि दाराशेजारी विजेच्या बटणांच्या वर एक पाटी. पाटीवर लिहिलंय, 'शेवटी जाणाऱ्याने बटण बंद करावे.' ही पाटी माझ्या वडिलांच्या हातची. सगळी इमारत त्यांना नाना म्हणते. पाटी त्यांनीच लिहिली, त्यांनीच ठोकली आणि आजवर त्यांनीच पाळली, कारण त्या खोलीतून शेवटी जाणारे तेच, आणि बहुतेक दिवशी पहिले येणारेही तेच.

सकाळचा चहा झाला की नाना खाली जातात. कुलूप काढतात, कपाटं पुसतात, टेबलाच्या टोकाला पेपर उघडून बसतात. जेवायला वर येतात, पुन्हा खाली जातात, आणि दिवेलागणीला बटण बंद करून परत येतात. आई गेली त्यानंतर त्यांचा सगळा दिवस त्या एका खोलीच्या आधाराने उभा राहिला. ती खोली नसती तर त्यांचं काय झालं असतं, हा विचार मनात आला की मी घाईघाईने दुसरं काहीतरी काम काढतो.

याला दुसरीही बाजू आहे, तीही सांगून टाकतो. नाना घरी असले की बटणं बंद करत फिरतात. आपण पंख्याखाली बसलेलो असतो आणि पंखा हळूहळू थांबतो. मान वर करून बघेपर्यंत नाना पुढच्या खोलीत गेलेले असतात. एकदा मी आंघोळीला आत असताना त्यांनी दिवा बंद केला, आणि मी ओरडल्यावर बाहेरून शांतपणे म्हणाले की साबण हाताला लागतो, त्याला उजेड कशाला. हिचं आपल्या सासऱ्यांवर मनापासून प्रेम आहे. नाना वाचनालयात असताना ते विशेष उफाळून येतं.

तर ही खोली वाचनालय म्हणून चालू ठेवायची गरज काय, असा प्रश्न सभेत विचारला तो दुसऱ्या मजल्यावरच्या विमावाल्यांनी. विमावाल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावरून घरात चालायचं यंत्र घेतलं होतं. हॉलमधली निम्मी जागा त्याने खाल्ली होती. त्यावर पहिला आठवडा विमावाले चालले आणि नंतर कपडे वाळू लागले. शेवटी त्यांच्या बायकोने घरात एकतर ते यंत्र राहील नाहीतर मी, असं सांगितलं, आणि विमावाल्यांना समस्त इमारतीच्या आरोग्याची काळजी वाटू लागली. तळमजल्यावर व्यायामशाळा हवी, असं ते सभेत कळकळीने बोलले. पहिलं यंत्र ते स्वतः देणार होते. वाचनालयात जातं कोण, एकटे नाना, त्यांनी हवी तेवढी पुस्तकं घरी न्यावीत, असंही ते मोठ्या मनाने म्हणाले.

नाना मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले. चष्मा स्वच्छच होता. ते बघून मी उभा राहिलो आणि वाट्टेल ते बोलून गेलो. कोण जातं आणि कोण जात नाही हे तोंडाने कशाला, आकड्यांनी ठरू द्या, असं मी म्हणालो. इथपर्यंत ठीक होतं. तिथे थांबायचं ना, पण नाही. "आपण डेटाबेस सर्व्हर बसवू," मी म्हणालो, "मी स्वतः बसवून देतो."

मी एका गोदामाच्या कचेरीत मालाची आवकजावक बघतो. 'सर्व्हर' हा शब्द आमच्याकडे रोज वापरात आहे. काम झालं नसलं की आम्ही तो वापरतो. त्यापलीकडे माझा आणि त्याचा परिचय नव्हता. पण सभेत त्या शब्दाने विलक्षण शांतता पसरली. अध्यक्षांनी मान डोलावली, सचिवांनी तो शब्द इतिवृत्तात लिहून घेतला, आणि असं ठरलं की पुढच्या वार्षिक सभेपर्यंत सर्व्हरने वाचनालयाचा वापर मोजावा. वापर दिसला तर खोली नानांची, नाहीतर विमावाल्यांच्या यंत्राची. जिना चढताना हिने एवढंच विचारलं, की तुम्हाला येतं का ते. मी म्हणालो, त्यात काय एवढं.

हिची धाकटी बहीण दुसऱ्या शहरात याच कामाची नोकरी करते. तिला फोन लावला. तिने पुस्तकं किती ते विचारलं, मी सांगितलं. वाचक किती ते विचारलं, तेही सांगितलं.

"भावोजी," ती म्हणाली, "याला साधी वही पुरेल. फारच हौस असेल तर एक्सेल."

मी दुखावलो. वही पुरेल हे मलाही कळत होतं, पण इतिवृत्तात 'डेटाबेस सर्व्हर' असं गेलं होतं, आणि आता तिथे वही घेऊन गेलो असतो तर विमावाल्यांनी मला इमारतीत तोंड दाखवू दिलं नसतं. हे सगळं तिला समजावून सांगितल्यावर ती प्रेमाने म्हणाली, मग भोगा आपल्या कर्माची फळं. आणि काय काय करायचं ते ओळीने लिहून पाठवते असंही म्हणाली. मुलगी मनाने चांगली आहे.

सर्व्हरसाठी यंत्र मिळालं पहारेकऱ्याच्या खोलीतलं. पूर्वी त्यावर फाटकाचा कॅमेरा दिसायचा, पुढे कॅमेरा बिघडला तेव्हापासून त्यावर पहारेकरी डबा ठेवायचा. ते इतकं जुनं होतं की त्याच्यावर विंडोज नाही, लिनक्सच चालेल, असं मेव्हणीने सांगितलं. लिनक्स म्हणजे काय, असं समितीने विचारलं. ते फुकट असतं, असं मी उत्तर दिलं आणि प्रस्ताव एकमताने मंजूर झाला. लिनक्सवर घरी बसून वाचावं म्हणून मी जाड पुस्तकही आणलं. पहिलं प्रकरण फार छान आहे.

आता समितीबद्दल सांगायलाच हवं. अध्यक्ष आयुष्यभर लिफ्टच्या कंपनीत होते आणि अजूनही कुणाशी बोलताना आधी त्याला खालून वर बघून घेतात. सचिव दाताचे डॉक्टर. समोरच्याला उत्तर देता येणार नाही अशा वेळीच प्रश्न विचारायची त्यांना सवय आहे. खजिनदारबाई गणिताच्या शिकवण्या घेतात. तिघंही सज्जन, पण पाण्याच्या पंपाच्या प्रकरणापासून त्यांचा एकमेकांवर काडीचाही विश्वास उरलेला नाही. पंप बिघडला तेव्हा तिघांनी आपापला माणूस आणून तो तीनदा दुरुस्त करून घेतला होता, आणि तो नेमका कुणाच्या माणसामुळे चालू झाला हा वाद अजून मिटलेला नाही.

लिनक्स यंत्रात उतरवताना त्याने मुख्य पासवर्ड विचारला. हा पासवर्ड ज्याच्याकडे त्याच्या हातात सगळं यंत्र, हे मी भाबडेपणाने समितीला सांगितलं. मी हे वाक्य बोललो नसतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बरीच चर्चा होऊन असं ठरलं, की पासवर्डचे तीन तुकडे करावेत. पहिला अध्यक्षांना ठाऊक, मधला सचिवांना, शेवटचा खजिनदारबाईंना. कुणी आपला तुकडा दुसऱ्याला सांगायचा नाही. एक जण टाइप करत असताना बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मला एकही तुकडा मिळाला नाही. मला 'संबंधित सभासद' असं पद मिळालं.

त्याप्रमाणे वाचनालयात काम सुरू झालं. मेव्हणीने पाठवलेली पहिली ओळ मी टाइप केली, यंत्राने पासवर्ड मागितला, आणि आम्ही सगळे भिंतीकडे वळलो. अध्यक्ष पुढे झाले. टक् टक् असे आवाज आले आणि थांबले. मग अध्यक्ष म्हणाले, कळफलक बिघडलाय, पडद्यावर काहीच उमटत नाही. लिनक्समध्ये पासवर्ड टाइप करताना काही दिसत नाही, चांदण्याही नाहीत, ठिपकेही नाहीत. कुणी मागून मोजू नये म्हणून ही खबरदारी आहे. हे मला जाड पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात कळलं असतं. अध्यक्षांनी खात्रीसाठी आपला तुकडा पुन्हा एकदा टाइप केला. सचिवांनी हलक्या हाताने केला. खजिनदारबाईंनी प्रत्येक बटण फळ्यावर खडू आपटावा तसं आपटून केला. यंत्र म्हणालं, चूक, पुन्हा प्रयत्न करा. चूक कुणाची, यावर त्या सकाळचा उरलेला वेळ गेला. नाना आपल्या टोकाला बसून पेपर वाचत होते आणि पेपर मधूनमधून हलत होता.

एकदाचा पासवर्ड जुळला. यंत्राने पुढचा प्रश्न टाकला, की इतकी इतकी जागा लागेल, पुढे जायचं का, हो की नाही. मी 'हो' वर बोट ठेवणार तोच सचिवांनी विचारलं, हा निर्णय कुणाच्या अधिकारात घेताय. जागेचा प्रश्न असल्याने समितीची बैठक हवी, असं निघालं. बैठक तिथेच घ्यायला हरकत नव्हती, पण बैठकीला आधी सूचना द्यावी लागते. सूचना देऊन बैठक होईपर्यंत यंत्र पासवर्ड विसरून गेलं होतं. लिनक्स थोडा वेळच लक्षात ठेवतं आणि मग पुन्हा विचारतं, हीही खबरदारीच. सगळ्यांना पुन्हा भिंतीकडे तोंड करावं लागलं.

मधे एकदा मी कंटाळून माझ्या स्वतःच्या नावाने आत शिरून पाहिलं. यंत्राने मला सरळ सांगितलं, की तुम्ही अधिकृत यादीत नाही, आणि हा प्रकार वर कळवला जाईल. कुणाला कळवणार ते त्याने सांगितलं नाही. नेमके सचिव तेव्हा मागे उभे होते. इमारतीचा सगळा पत्रव्यवहार सचिवांमार्फत व्हायला हवा, यंत्र परस्पर कुणाला कसं कळवतं, यावर ते अडून बसले. अध्यक्षांना वाटलं, कळवणार म्हणजे अध्यक्षांनाच. त्यानंतर बरेच दिवस ते पत्रपेटी उघडून त्यात हात घालून बघत, आणि जिन्यात मला गाठून विचारत, की अजून आलं नाही.

शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही मदतीत हात आखडता घेतला नाही. समोरच्या काकूंनी सर्व्हरवर धूळ बसू नये म्हणून जाड चादर आणून पांघरली, आणि यंत्र तापून बंद पडल्यावर त्याला हवा लागत नाही बिचाऱ्याला, असं म्हणून तीच चादर घेऊन गेल्या. विमावाले रोज जाता येता दारात डोकावत. काय म्हणतोय सर्व्हर, असं ते आजाऱ्याची चौकशी करावी तशा आवाजात विचारायचे, आणि हातातल्या टेपने दाराची रुंदी मोजून घ्यायचे.

डेटाबेस एकदाचा उतरला. पण अध्यक्षांना तो वरच्या मजल्यावरून, स्वतःच्या घरातून बघायचा होता, आणि तिथून तो काही केल्या जोडला जाईना. मेव्हणी म्हणाली, नवीन बसवलेला सर्व्हर फक्त स्वतःचंच ऐकतो, दुसऱ्यांचं ऐक असं त्याला एका फायलीत लिहून सांगावं लागतं. ही फोनवर कान देऊन बसली होती. ती म्हणाली, सोय चांगली आहे, अशी फाईल माणसांना असते का विचारा.

ती फाईल मी उघडली. ज्या एडिटरमध्ये, म्हणजे लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, उघडली त्यात शिरणं सोपं आणि बाहेर पडणं महाकठीण आहे. मी अक्षर दाबलं की ओळ नाहीशी व्हायची, ओळ आणायला गेलो की पान खाली पळायचं. आत घुसलेल्या अभिमन्यूला नेमकं काय वाटलं असेल ते मला त्या दिवशी कळलं. मेव्हणी मीटिंगमध्ये होती. विमावाले दारात उभे राहून बघत होते. मी घामाघूम झालो होतो, आणि तेवढ्यात पडदा काळा झाला. नानांनी भिंतीवरचं बटण बंद केलं होतं. "जेवायची वेळ झाली," ते म्हणाले. त्या एडिटरमधून सुटकेचा तो मार्ग जाड पुस्तकात नाही, पण मला तरी तोच माहीत आहे.

पुढे त्या सर्व्हरवर कुणाला किती अधिकार द्यायचे हा प्रश्न आला. तिघांनाही सर्वोच्च अधिकार हवे होते. तिघांना दिले तर मग सर्वोच्च कशाला म्हणायचं, असं खजिनदारबाईंनीच विचारलं आणि स्वतःसाठी मात्र ते आग्रहाने मागून घेतले. नानांना काय द्यायचं, तर वाचनालयाच्या माणसाला वाचण्यापुरतीच परवानगी पुरे, असा ठराव झाला. म्हणजे पुस्तक दिल्याची नोंद ज्यांनी करायची त्यांनाच ती करता येईना. लिहिण्यापुरती परवानगी संबंधित सभासदाला मिळाली. पुढे सर्व्हर सुरू झाल्यावर नाना मला हाक मारायचे आणि मी कचेरीतून आल्यावर नोंदी करायचो. नानांना याचं काहीच वाईट वाटलं नाही. मला वाटलं.

शेवटी उरल्या दोन ओळी. पहिली सर्व्हर सुरू करायची आणि दुसरी, यंत्र चालू झालं की तो दर वेळी आपोआप सुरू व्हावा यासाठीची. पहिली टाकली, सर्व्हर सुरू झाला, काकूंनी टाळ्या वाजवल्या. दुसरी टाकेपर्यंत यंत्र पासवर्ड विसरलं, आणि खजिनदारबाईंची शिकवणीची वेळ झाली होती. सर्व्हर तर चालू झाला, आता दुसऱ्या ओळीचं काय एवढं कौतुक, असं म्हणून मी ती सोडून दिली. त्या रात्री मी जेवताना घरात पुष्कळ बोललो. दुसऱ्या ओळीचाही उल्लेख केला असावा, कारण ही म्हणाली, तुमची पहिलीच ओळ अजून संपली नाहीये.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेलो तर सर्व्हर बंद. समितीला बोलावलं, भिंतीकडे तोंडं केली, सुरू केला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझा संशय सरळ विमावाल्यांवर गेला. आकडे जमलेच नाहीत तर खोली आयतीच त्यांच्या यंत्राला मिळणार होती. मी त्या संध्याकाळी जिन्याच्या वळणावर पाळत ठेवून उभा राहिलो. विमावाले खाली आले, मला बघून म्हणाले, व्यायाम सुरू केलात का, उत्तम, आणि निघून गेले. मग दिवेलागणीला नाना बाहेर आले. येताना त्यांनी दिवा, पंखा आणि सर्व्हर यांची बटणं ओळीने बंद केली.

मी धावतच गेलो. नाना, सर्व्हर बंद करायचा नसतो, तो रात्रभर चालू लागतो, असं मी त्यांना कळवळून सांगितलं.

"रात्री वाचायला कोण येतं?" नानांनी विचारलं.

"कुणी नाही. पण तो वाट बघत असतो."

"मग सकाळपासून बघू दे," नाना म्हणाले आणि पाटीकडे बोट करून वर गेले.

मी हा प्रश्न समितीपुढे नेला. तिघांचं कधी नव्हे ते एकमत झालं आणि ते नानांच्या बाजूने झालं. पाटी जुनी आहे, ती सभेच्या मंजुरीने लागलेली आहे, त्यात यंत्रांना सूट दिलेली नाही, आणि ती बदलायची तर वार्षिक सभेतच बदलावी लागेल. वार्षिक सभेपर्यंत समितीने रोज सकाळी खाली येऊन सर्व्हर सुरू करावा. मी दुसऱ्या ओळीबद्दल बोलायला तोंड उघडलं, तर अध्यक्ष म्हणाले, संबंधित सभासदांनी आता नवीन काही काढू नये. मीही मग चिडून गप्प बसलो. माणसाला काही मान आहे की नाही.

तेव्हापासून रोज सकाळी तिघंही खाली यायला लागले. कुणाचाही तुकडा नसला तर सर्व्हर उठत नाही, त्यामुळे चुकवायची सोय नव्हती. एक जण टाइप करी आणि दोघं भिंतीकडे तोंड करून उभे राहत. आता त्या खोलीत भिंती अशा नाहीतच, कपाटं आहेत. माणूस पुस्तकांच्या कपाटाकडे तोंड करून रोज उभा राहिला की करणार काय, नावं वाचतो. अध्यक्ष टाइप करायला फार वेळ घेतात, त्यामुळे पहिला बळी सचिवांचा पडला. त्यांच्या नाकासमोर कवितांचा खण होता. एके दिवशी अध्यक्षांचं टाइप करून झालं तरी सचिव वळेनात. खजिनदारबाईंसमोर खुनाच्या कादंबऱ्या होत्या. पहिली त्यांनी केवळ गणित तपासायला म्हणून उघडली, खुनाच्या वेळा जुळतात की नाही ते बघायला. जुळत नव्हत्या, म्हणून त्यांनी लेखकाची चूक पकडायला दुसरी घरी नेली. अध्यक्ष शिकारीच्या आणि जंगलांच्या पुस्तकांपुढे उभे असत. त्यांनी पुष्कळ दिवस दम धरला. मग एकदा कुणी बघत नाही असं बघून एक पुस्तक छत्रीत घालून नेलं, आणि दुसऱ्या दिवशी नानांसमोर ठेवून म्हणाले, याचा दुसरा भाग आहे का. नानांनी उठून दुसरा भाग काढून दिला. जणू तो काढूनच ठेवला होता.

पुढेपुढे सर्व्हर सुरू झाल्यावरही तिघं बसायला लागले. नाना टेबलाच्या या टोकाला, अध्यक्ष त्या टोकाला. वादही व्हायचे. खुनी कोण ते सचिवांनी आधी फोडलं म्हणून खजिनदारबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, पण पासवर्ड टाकायला आल्या. घरी नाना जेवताना हल्ली बोलायला लागले होते. आज अध्यक्ष असं म्हणाले, आज बाईंनी तसं सांगितलं. एकदा तर हसता हसता त्यांना ठसका लागला. ही पाणी द्यायला उठली आणि पाठ फिरवून बराच वेळ ओट्याशी उभी राहिली. आई गेल्यावर नानांना हसताना आम्ही ऐकलं नव्हतं.

माझ्या सर्व्हरकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं, हे नमूद करून ठेवतो.

वार्षिक सभा आली. सभा भरण्यापूर्वी नानांनी कपाटं पुन्हा एकदा पुसली. एरवी ते दिवसातून एकदाच पुसतात. सर्व्हर वाचनालयाच्या टेबलावर, तिथेच सभा, सगळी इमारत दाटीवाटीने बसलेली. दोन बळकट माणसं विमावाल्यांनी बाहेर फाटकाशी उभी करून ठेवली होती, म्हणजे ठराव झाल्या झाल्या चालायचं यंत्र खाली आणता येईल. तिघांनी पासवर्ड टाकला. सगळी सभा उठून भिंतीकडे वळली, लहान मुलंसुद्धा. मी प्रश्न टाकला आणि आकडे पडद्यावर आले. वाचनालयात नियमित येणारे वाचक चार. नाना, अध्यक्ष, सचिव, खजिनदार. पाचवं नाव काकूंचं होतं, पण त्यांनी पुस्तक पंख्यासारखा वारा घालायला नेलं होतं हे त्यांनीच सांगितलं.

विमावाल्यांनी लगेच हरकत घेतली. ही समितीची माणसं पासवर्ड टाकायला येतात, वाचायला नाही, ही हजेरी धरता येणार नाही, असं ते म्हणाले. म्हणणं खरं होतं. नानांनी चष्मा काढला. ते पुसायला लागण्याआधी अध्यक्ष उभे राहिले आणि त्यांनी विमावाल्यांना खालून वर बघून घेतलं.

"खोली बंद केली तर हा सर्व्हर कुठे ठेवायचा?" त्यांनी विचारलं. "ही समितीची मालमत्ता आहे."

सर्व्हर खोली मोजायला आणलेला आहे, खोलीच नसेल तर सर्व्हर कशाला, असं विमावाले म्हणाले. यावर सचिवांनी इतिवृत्त उघडून दाखवलं, की सर्व्हर बसवायचा ठराव आहे, काढायचा ठराव कुठेही नाही, आणि बसवलेल्या सर्व्हरला खोली लागते. खजिनदारबाई म्हणाल्या, शिवाय तिसरा भाग माझ्याकडे आहे आणि चौथा कपाटात, मधेच व्यायामशाळा कशी काढता येईल. विमावाल्यांना हे गणित सुटेना. ठराव असा झाला की ही खोली यापुढे सर्व्हरची खोली समजावी, तिच्यात वाचनालय चालू राहू द्यावं, पाटी आहे तशीच ठेवावी, समितीच्या नियमित उपस्थितीबद्दल समितीचं अभिनंदन करावं, आणि सर्व्हर रोज बंद पडत असल्याबद्दल संबंधित सभासदाला समज द्यावी. ती दोन बळकट माणसं चहा पिऊन गेली. विमावाल्यांच्या यंत्रावर अजून कपडे वाळतात, आणि बायकोही आहे. दोघांनीही एकमेकांशी जुळवून घेतलं आहे असं दिसतं.

सुट्टीला मेव्हणी आमच्याकडे आली. तिला मी मोठ्या अभिमानाने खाली घेऊन गेलो. अध्यक्ष टाइप करत होते, सचिव आणि खजिनदारबाई कपाटांकडे तोंड करून उभे होते, आणि नाना पेपर वाचत होते. हे सगळं तिने डोळे मोठे करून पाहिलं. तिघं आपापली पुस्तकं घेऊन टेबलाच्या त्या टोकाला जाऊन बसले, तेव्हा ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "भावोजी, तुम्ही ती दुसरी ओळ टाकलीच नाहीत? ती एकदा टाकली की हा आपोआप सुरू होईल. रोज पासवर्ड लागायचाच नाही."

एवढे महिने सोसलेला अपमान माझ्या डोळ्यांपुढून सरकला. एक ओळ, आणि सर्व्हर शहाण्यासारखा चालणार होता, समज परत घ्यावी लागणार होती. मी खुर्ची ओढून बसलो. आताच पासवर्ड टाकलाय, यंत्र विसरायच्या आत झालं पाहिजे, असं म्हणून मी टाइप करायला लागलो. ओळ पूर्ण झाली. फक्त शेवटचं बटण दाबायचं राहिलं.

"ती आपोआपवाली ओळ का?" नानांनी पेपरमागून हळूच विचारलं. "जेवताना बोलला होतास तू मागे."

"तुम्हाला माहीत होतं? मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

नानांनी पेपर खाली केला. त्या टोकाला खजिनदारबाई बोटाने ओळी मोजत वाचत होत्या, सचिवांचे ओठ हलत होते, आणि अध्यक्ष जंगलात कुठेतरी खोल गेलेले होते. नानांनी तिकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"तो आपोआप उठायला लागला," ते म्हणाले, "तर सकाळी हे कशाला येतील?"

मी पडद्यावरच्या त्या ओळीकडे थोडा वेळ बघत बसलो. मग मागून एकेक अक्षर पुसत गेलो, आणि ती सगळी गेल्यावर कळफलक पुढे सरकवला.

त्या दिवशी नानांना घेऊन मेव्हणी संध्याकाळी फिरायला गेली. खोलीत शेवटी मीच उरलो होतो. पुस्तकं जागेवर लावली, खिडकी ओढून घेतली. दाराशी आलो तेव्हा सर्व्हरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. मी पाटी वाचली आणि बटण बंद केलं.